गोदाबाईची दुपार

विलायतेत कापसाची टंचाई झाली आणि अमरावतीत घरोघर सरकी काढायच्या चरख्या कुरकुरू लागल्या. सूर्यभान माळ्यानंही अंगणात चरख्या मांडल्या. उजाडताच बाया यायच्या, त्या दिवेलागणीपर्यंत. त्याची बायको गोदाबाई कामाला मागे हटणारी नव्हती. पण दुपार कलली की तिचं डोकं जड व्हायचं, भाकर करपायची, कुणी पाणी मागितलं तरी ती खेकसायची. मग आपल्याच वागण्याची लाज वाटून ती आणखी घुमी व्हायची.

सगळ्यांत बोलक्या होत्या पार्बताबाई. नवरा मागेच वारलेला, दोन्ही मुलं कापसाच्या गाड्यांवर. एका मुलाची गाडी पूर्णेच्या रेतीत कशी फसली, ते त्या एके दिवशी पुन्हा सांगू लागल्या, तशी गोदाबाई कडाडली, "मावशी, चरखी चालवाले येता का तोंड?"

पार्बताबाई हात झटकून उठल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, त्यानंतरही नाहीत.

शेवटी गोदाबाईच त्यांच्या घरी गेली. चूल थंड होती. पार्बताबाई उंबऱ्यात बसल्या होत्या.

"मजुरीसाठी नाई येत होती मी," त्या म्हणाल्या. "घरात कोणाशी बोलू? तुह्याकडं चार आवाज कानी पडले का घास गोड लागे."

गोदाबाई त्यांच्याजवळ टेकली. "मले उलटं होते, मावशी. आवाज आयकू आयकू जीव घाबरते. तुमच्यावर राग नाई माहा."

"मंग तसं सांगाचं ना, बाई! मले वाटलं, मी नकोशी झाली."

बोलता बोलता पार्बताबाईंनीच तोड काढली. दुपारचं अंगण त्या सांभाळतील, गोदाबाईनं मळ्यात जावं.

"बाईनं घर सोडून एकटं बसाचं? लोक काय म्हणतीन?" सूर्यभान कुरकुरला.

"लोकाईले मी पायते," पार्बताबाई म्हणाल्या.

गोदाबाई मळ्यात जाऊ लागली. वांगी खुडायची, पाटात पाय सोडून बसायची. संध्याकाळी परतली की स्वतःच विचारायची, "काय खबर, मावशी?" आणि खरंच ऐकायची.

एकदा पार्बताबाई मळ्यात आल्या. आज बोलायचंच नाही, असं ठरवून बांधावर बसल्या. जरा वेळानं चुळबुळल्या.

"असं बसून तुले बरं वाटते?"

"लई."

"मले नाई वाटत, बाई," म्हणत त्या उठल्या. गोदाबाई खळखळून हसली आणि त्यांच्या पदरात वांगी घातली.