तर्रीची पेटी

२०२३ सालच्या वैशाखात, एका दुपारी, इंदुताईंनी संत्र्याची रिकामी लाकडी पेटी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओढली, आत जुन्या लुगड्याची घडी अंथरली आणि तिच्यावर चार सुके झिंगे ठेवले. तर्रीने, त्यांच्या तांबूस मांजरीने, दारातूनच वास घेतला आणि पाठ फिरवली.

"नाही जात ते," त्यांचे यजमान बाबाराव खाटेवरून म्हणाले. "पेटी म्हणजे सुई, हे तिले पक्कं माहीत आहे."

खरंच होतं. पेटी फक्त दवाखान्याच्या दिवशी निघायची. आदल्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी अंगणात चढलं तेव्हा निघाली, तर तर्री दिवाणाखाली जाऊन बसली. ती सापडेपर्यंत बाबाराव घर सोडायला तयार नव्हते. अंगणातल्या गुडघाभर पाण्यात काठी धरून उभे राहिले, आणि मग छातीतल्या कफाने कितीतरी दिवस झोपून होते. पुन्हा असं झालं तर निभणार नाही, असं डॉक्टरांनी इंदुताईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं.

उपाय सांगितला वैभवीने. बाबारावांची ही भाची जनावरांची डॉक्टर व्हायला शिकत होती.

"मामी, पेटी रोज समोर राहू द्या. त्यातच जेवू घाला. झाकण नंतर लावा, तेही थोडा वेळ. तिचं खाणं, लशीचं कार्ड एका पिशवीत तयार ठेवा. मग जिना चढायची सवय करा."

"आन् मामाले कोण सवय लावन?"

"मामा येतात ना तिच्यासंगं."

ज्येष्ठ सरता सरता तर्री पेटीत झोपू लागली. मग दर रविवारी संध्याकाळी वरात निघायची. पुढे पेटी घेतलेले बाबाराव, मागे पिशवी घेतलेल्या इंदुताई, बाहेरच्या जिन्याने वरच्या सत्यवतीबाईंकडे. बाबारावांचा जन्म संत्र्याच्या व्यापारात गेलेला. पेटी ते दुसऱ्याच्या हाती देत नसत.

"या पूरग्रस्त," सत्यवतीबाई दार उघडून म्हणायच्या. "चहा ठेवू का?"

"मांजरीले विचारा. आम्ही तिचे हमाल आहो."

भाद्रपदात एका पहाटे पाणी आलं. या वेळी ते अंगणात थांबलं नाही, उंबरा ओलांडून आत आलं. लाइट गेली होती. इंदुताईंनी पेटीत हात घातला. लुगड्याची घडी गार होती. दिवाणाखाली, न्हाणीत, कपाटामागे, बॅटरीच्या उजेडात तर्री कुठेच दिसेना. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.

"सापडली का वं?" बाबारावांनी खोलीतून विचारलं.

"पाहून राहिली."

"तर्री सापडल्याबिगर मी हालत नाही."

पाणी पोटऱ्यांना लागत होतं. इंदुताई खिडकीपाशी जराशा थांबल्या. मग त्यांनी फळीवरून तांदळाची पिशवी काढली, लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवली आणि झाकणाला दोरी आवळली.

"सापडली," खोलीत येऊन त्या म्हणाल्या. "उघडू नका, भेली आहे."

बाबारावांनी पेटी उचलली. क्षणभर तशीच धरून उभे राहिले.

"चाल," ते म्हणाले. "पिशवी घे."

जिन्यावर इंदुताई दर पायरीला खाली पाहत होत्या. हाक मात्र मारता येत नव्हती.

वर सत्यवतीबाईंनी बाबारावांना कोरडं धोतर दिलं, खांद्यावर ब्लँकेट टाकलं आणि चहा ठेवला. पेटी त्यांच्या पायाशी होती.

"खोला ना झाकण," सत्यवतीबाई म्हणाल्या. "जीव गुदमरन तिचा."

"राहू द्या," बाबाराव म्हणाले, आणि पेटीवर हात ठेवून बसले.

इंदुताई खिडकीतून अंगणातल्या गढूळ पाण्याकडे बघत उभ्या होत्या. उजाडलं. आणि गच्चीच्या दारातून तर्री आत आली, शेपटीपर्यंत भिजलेली, आणि टेबलाखाली बसून अंग चाटू लागली. सत्यवतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि त्या चहा गाळायला गेल्या.

इंदुताई खाली बसल्या. बाबारावांचा हात अजून बंद पेटीवरच होता, हे त्यांनी पाहिलं.

"तुम्हाले माहीत होतं?"

"मांजर आत हालते वं. पेटीचा तोल इकडून तिकडं जाते. हे आपलं गप बसून होतं. तांदूळ आहे का?"

"मग काहून आले तुम्ही?"

बाबारावांनी बशीत चहा ओतला, फुंकला.

"उभ्या जन्मात तू मले खोटं बोलली नव्हती. म्हटलं, लय भेली असशीन."

सत्यवतीबाई पुढे रायपूरला मुलीकडे राहायला गेल्या. वैभवी आता खापरखेड्याच्या बाजूने गावोगाव गाई-म्हशी तपासत फिरते. इंदुताई मनीषनगरात मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये असतात. तर्री तिथे बाल्कनीत बसून कबुतरांवर डोळा ठेवते. पकडलं अजून एकही नाही.

बाबाराव दुसऱ्या हिवाळ्यात गेले. धंतोलीच्या दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, त्यांनी विचारलं, "घरी जाईन ना वं मी?"

"डॉक्टर परवा सोडून राहिले तुम्हाले," इंदुताई म्हणाल्या.

बाबारावांनी त्यांच्या चेहऱ्याकडे जरा वेळ पाहिलं.

"मग माही टोपी धुऊन ठेव," ते म्हणाले.

इंदुताईंनी ती तिथल्याच बेसिनमध्ये धुतली आणि खिडकीच्या गजाला वाळत घातली.