तिसऱ्या टेबलाचे दोन व्होल्ट

दाराच्या काचेतून मीटरकाकांनी पाहिलं, तर ती नवी पुन्हा तिसऱ्या टेबलावर वाकलेली. हातात छोटा स्क्रू ड्रायव्हर. तिने एकदा मागे वळून बघितलं, तिथल्या छोट्या डब्याचे दोन स्क्रू सैल केले, काहीतरी इकडचं तिकडं केलं, स्क्रू आवळले आणि फडकं घेऊन ती टेबल पुसायला लागली. सकाळपासून आपण फक्त पुसतच होतो, असा चेहरा.

"सापडली!" काका पुटपुटले आणि दार न उघडताच मागे फिरले. लगेच हटकायचं नाही, आधी पुरावा गोळा करायचा, असा त्यांचा खाक्या होता.

ती नवी म्हणजे कॉलेजच्या प्रयोगशाळेतली दुसरी सहायक. तिला येऊन दीड वर्ष झालं होतं, पण काकांच्या लेखी ती अजून नवीच. तिची नोकरी कराराची, दर वर्षी विभागाच्या मुख्य सरांच्या सहीने पुढे सरकणारी. काका कायमचे, येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणारे. खिशात कायम व्होल्ट मोजायचा मीटर असायचा, म्हणून विद्यार्थ्यांच्या कुठल्याशा जुन्या तुकडीने त्यांचं नाव मीटरकाका ठेवलं आणि ते पुढच्या सगळ्या तुकड्यांनी चालवलं.

काका जन्माचे संशयी. शेजारी आपलं वर्तमानपत्र आधी वाचून घडी घालून परत दारात ठेवतो, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. स्टोअरकीपरने हलक्या ट्यूबलाइट आणल्यात, म्हणूनच हल्ली प्रयोगशाळेत अंधारल्यासारखं असतं, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. ही नवी एकदा म्हणाली होती, "काका, या नव्या निळ्या वायरी फारच गडद आहेत. आधीसारख्या पिवळ्याच मागवू या ना." त्यावर काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की पिवळ्या वायरींच्या व्यापाऱ्याशी हिचं नातंच निघायचं बाकी होतं.

पण कामात त्यांचा हा स्वभाव उपयोगी पडायचा. प्रत्येक टेबलावर संगणकाला जोडलेला तळहाताएवढा डबा. संगणकावरून सांगायचं, दोन व्होल्ट दे, की डब्याने वायरींतून दोन व्होल्ट द्यायचे. लाल वायर पहिल्या वाटेची, निळी दुसऱ्या, वेगळ्या व्होल्टच्या वाटेची, काळी जमिनीची, म्हणजे शून्याची. लाल आणि काळीच्या मध्ये मोजलं की जे मागितलं ते मिळालं पाहिजे. इतकी वर्षं मिळतही होतं. या सहामाहीत मात्र डब्यांना काय झालं होतं कुणास ठाऊक. दोन मागितले की कधी अर्धाच यायचा, कधी उलटा वजा. आज हे टेबल बिघडायचं, उद्या ते. विद्यार्थी कंटाळून मोबाइल काढायचे आणि काकांचा जीव खालीवर व्हायचा.

त्या दिवशी ते थेट विभागाच्या मुख्य सरांकडे गेले.

"सर, डबे ठणठणीत आहेत. स्क्रूवर मीटर लावला तर बरोबर दोन. वायरींच्या टोकाला लावला की भलतंच. वायरी काढून परत लावल्या की कधी येतं, कधी नाही. हा डब्याचा दोषच नाही. कुणाच्या तरी हाताचा आहे."

"कुणाच्या?"

काकांनी दार नीट लागलंय का ते पाहिलं. "पोरं यायच्या आधी ती बाई वायरींशी खेळते. डोळ्यांनी बघितलंय मी."

"अहो, तिला त्यातून काय मिळणार?"

"माझी जागा! म्हातारा चुकतोय असं दिसलं, की मी गेल्यावर कायमची ऑर्डर हिच्या हातात."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे खरं असेल तर तिच्या करारावर मी सही करणार नाही. पण नुसत्या संशयावर कुणाच्या पोटावर पाय देणार नाही मी."

"मग गुरुवारच्या प्रॅक्टिकलला या. त्या दिवशी तिला खोलीत पाऊल टाकू देत नाही. सगळं बरोबर आलं की काय ते तुम्हीच समजा."

गुरुवारी सकाळी काका लवकर निघाले. दारातच बायकोने अडवलं.

"अहो, एका पायात काळा आणि एका पायात निळा?"

काकांनी खाली वाकून पाहिलं. "दोन्ही काळेच आहेत."

"डावा निळा आहे."

"मग धोब्याने बदलला असेल."

"मोजे कधीपासून धोब्याकडे जायला लागले?"

"मग तूच बदलला असशील," म्हणून काका जिना उतरले. भांडायला आज वेळ नव्हता.

प्रयोगशाळेत पोचल्यावर त्यांनी सगळ्या टेबलांच्या जुन्या वायरी काढून कचऱ्यात टाकल्या. कुरतडलेली, आतून तुटलेली वायर ही सबबच नको. नव्या कापल्या, टोकं सोलली, डोळ्यांत तेल घालून एकेक स्क्रू आवळला. लाल, निळी, काळी. कुठल्या वायरीला कुठला स्क्रू हे त्यांची बोटं झोपेतही सांगू शकली असती. शेवटी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि बाहेर स्टूल मांडून दाराला पाठ लावून बसले.

थोड्या वेळाने ती आली. कुलूप पाहून थबकली.

"काका, उघडता का? टेबलं पुसून घेते."

"पुसली मी."

"वायरी लावायच्या असतील ना?"

"लावल्या. सगळ्या नव्या."

तिचा चेहरा उतरला. काकांनी ते बरोबर टिपलं आणि त्यांना बरं वाटलं.

"काका, एकदा बघू द्या ना मला. पाचच मिनिटं."

"का? काय बघायचंय तुम्हाला?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत भिंतीशी उभी राहिली. कशी जाळ्यात अडकली, काका मनात म्हणाले.

सर आले, विद्यार्थी आले. काकांनी सगळ्यांदेखत कुलूप काढलं. ती उंबऱ्याबाहेरच थांबली, आणि काका तिच्यावर एक डोळा ठेवून आत उभे राहिले.

"सर," तिसऱ्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "दोन मागितलेत, पण हे वजा दाखवतंय."

"आमचंही," पहिल्या टेबलावरून आवाज आला. "अर्धाच येतोय."

मग खिडकीजवळचं टेबल, मग त्याच्या शेजारचं. इतकी टेबलं एका दिवशी कधीच बिघडली नव्हती. काकांनी आधी दाराकडे पाहिलं. ती तिथेच होती. तिचा हात आत पोचलेलाच नव्हता.

"काका," सर हळू आवाजात म्हणाले, "सकाळपासून खोली..."

"सर, माझं चुकलं." ती पुढे आली होती. "काल संध्याकाळी जाताना मी वायरी बदलल्या. गडबडीत झालं. आता नीट करते."

कुणी काही बोलायच्या आत तिने तिसऱ्या टेबलावरचे दोन स्क्रू सैल केले, दोन वायरींची अदलाबदल केली, स्क्रू आवळले. त्या दिवशी काचेतून दिसली होती तीच हालचाल. मीटरवरचा आकडा जरा हलला आणि दोनवर येऊन थांबला.

ती का खोटं बोलतेय? काकांच्या मनात पहिला विचार आला तोही संशयाचाच. हिचा यात काय डाव असेल? कालच्या वायरी तर कचऱ्याच्या डब्यात पडल्या होत्या. या आजच्या होत्या, काकांनी स्वतः कापलेल्या. सोललेल्या आवरणाचे बारीक तुकडे अजून त्यांच्या बाहीला चिकटलेले होते. त्यांनी बाही डोळ्यांजवळ नेली. लाल तुकडे होते. काळे होते. निळा एकही नव्हता.

मग त्यांनी पायांकडे पाहिलं. दोन काळे मोजे.

"म्हणजे रोज सकाळी हे तुम्हीच करत होता," सर तिला म्हणाले. आवाज कोरडा झाला होता. "काकांनी सांगितलं तेव्हा मी विश्वास ठेवला नव्हता. प्रॅक्टिकल झाल्यावर येऊन भेटा मला."

"हो, सर," ती म्हणाली. तिने मान वर केली नाही.

काका गप्प राहिले असते तरी भागलं असतं. उन्हाळा काही फार लांब नव्हता. तोवर तिच्या माघारी वायरी लावून घ्यायची काहीतरी युक्ती त्यांनी काढलीही असती. पण त्यांना स्वतःची लाज वाटली, उघड्यावर उभं केल्यासारखी.

"खोटं बोलतेय ती," ते म्हणाले.

सगळी खोली त्यांच्याकडे बघायला लागली.

"वायरी आज सकाळी मी लावल्यात. किल्ली माझ्या खिशात होती. ती रोज येऊन जमतील तेवढ्या माझ्या चुका दुरुस्त करत होती, आणि मी..." त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि सरांसमोर टेबलावर ठेवली.

सर तिच्याकडे वळले. "मला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार, सर?" ती रडवेली झाली होती. "वायर सोलायलासुद्धा काकांनीच शिकवलंय मला."

काका पहिल्या टेबलापाशी गेले. जागा बोटांनी चाचपून त्यांनी दोन स्क्रू सैल केले, दोन वायरी सोडवल्या आणि खिडकीच्या उजेडात धरल्या. काकांनी वायरी जवळ धरल्या, लांब धरल्या, तिरक्या करून पाहिल्या. मग दीड वर्षात पहिल्यांदाच तिला एकेरीत हाक मारली.

"अगं, इकडे ये. यातली काळी कुठली?"

तिने एक वायर हलकेच त्यांच्या बोटांत दिली. काकांनी तिच्या टोकापासून थोडं मागे एक छोटीशी गाठ मारली, अंगठ्याने दोनदा चाचपून पाहिली आणि ती वायर तिच्या स्क्रूत बसवून आवळली, दुसरी उरलेल्या स्क्रूत. मीटरवर दोन आले.

"चल," ते म्हणाले, "आता खिडकीजवळच्या टेबलातली दाखव."