कुलपातले दोन शब्द

कपाटाच्या काचेला नाक लावलंत, मित्रांनो, तर दुसऱ्या फळीवर मी दिसेन. मी जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश. पुण्यात छापला गेलो, एसटीच्या टपावरून पालमला आलो आणि सातवीच्या वर्गातल्या या लोखंडी कपाटात शिरलो. सुरुवातीला मुलं मला भांडून न्यायची. पण शिक्षकाची बदली झाली की पुस्तकं मोजून नव्या शिक्षकाकडे चार्ज द्यावा लागतो, एकही कमी भरून चालत नाही. या धास्तीने वर्गशिक्षक अनंतराव सरांनी कुलूप घातलं. माणूस वाईट नव्हता, पण किल्लीला फार जपायचा.

इथे जीव घुसमटतो. पोटात चाळीस हजार शब्द आणि एकही कुणाच्या कामाचा नाही.

एकदा अपेक्षा नावाच्या मुलीने विचारलं, "सर, क्वाएट आन सायलेंट, दोन्हीला तुमी शांतच सांगितलं. मंग शब्द दोन कशाला?"

सरांनाही ते ठाऊक नव्हतं. माझ्यापासून ते चार हातांवर उभे होते, किल्ली खिशात होती. "परीक्षेत तेवढंच पुरतं," ते म्हणाले. "गप बस." वर्ग हसला.

पोर गप बसली ती वर्षभर. शंका आली तरी हात वर होईना, वाचायला उठवलं की मान खाली. प्रगतिपत्रकावर सरांनी शेरा मारला, 'शांत, गुणी'. पालकसभेत तिचे वडील दत्तराव कौतुकाने म्हणाले, "लय शांत हाय आमची पोर." मी आत तडफडत होतो. पण मला कोण विचारतं?

वर्षअखेरीस सरांची बदली झाली आणि चार्ज घ्यायला हेमाबाई आल्या. त्या यादी वाचायच्या, अपेक्षा एकेक पुस्तक काढून दाखवायची. माझी पाळी आली तेव्हा तिने मला टेबलावर ठेवलंच नाही. धूळ झटकून उघडलं. एका शब्दावर बोट ठेवलं, मग बरीच पानं उलटून दुसऱ्यावर. क्वाएट: शांत स्वभावाचा, हळू नि थोडं बोलणारा. सायलेंट: ज्याच्या तोंडून शब्दच निघत नाही असा.

"बाई," ती म्हणाली. "माज्या पत्रकावर शांत लिवलंय. मी शांत न्हाई. मला गप बसवलंय."

शेजारी उभे असलेले सर घाईने यादीतलं पुढचं नाव वाचू लागले. हेमाबाईंनी पेन खाली ठेवलं. "बोल बाळा, काय विचारायचं होतं तुला?" आणि वर्षभराचं साचलेलं ती बोलत सुटली. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

संध्याकाळी पुस्तकं बरोबर भरली. बाईंनी सही केली आणि आता जबाबदारी आपली म्हणून कुलूप त्यांनीही लावलं.

मित्रांनो, पुस्तकं जपा असं तुम्हाला सगळे सांगतात. मी मात्र विनवून सांगतो, मला जपू नका. मागून न्या, पानं मळवा, वापरून वापरून फाडून टाका मला.