जुन्या आवृत्तीचं कुलूप

१९८८ च्या हिवाळ्यात सदर भागातल्या एका लहानशा कॉम्प्युटर कंपनीत वाद पेटला. एका बाजूला मालक मधुकरराव, दुसऱ्या बाजूला त्यांची इंजिनियर प्रेमिला मेश्राम.

ज्याच्या जोरावर कॉम्प्युटरचे बाकी सगळे प्रोग्राम चालतात, तो मूळ प्रोग्राम ही कंपनी बनवायची. नव्या मशीनमध्ये मेमरीला कुलूप आलं होतं. ते लावलं की एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या जागेत लिहिता येत नसे. पण ते लावायची सोय फक्त मूळ प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत होती. गिऱ्हाइकांना मात्र जुनी, मुरलेली आवृत्तीच प्यारी.

लकडगंजचे लाकूड व्यापारी गोपाळराव तर हटूनच बसले. मशीन नवं, आवृत्ती जुनी. "नवीन मले नाही पायजे बाई, जुनं बरं चालून राहिलं. पण सागवानाच्या हिशोबात मधातच बाभूळ काहून दिसते? ते कुलूप जुन्यातच बसवून द्या."

मधुकरराव ऐकेनात. "जुन्या आवृत्तीत फक्त दुरुस्ती करायची. नवीन काही घुसवलं तर चालती मशीनं बंद पडतील."

"सर, दाराला कडी नसेल तर कडी लावणं ही दुरुस्तीच."

"आणि घरातलाच माणूस बाहेर अडकला तर?"

"मग एकट्या गोपाळरावांच्या मशीनवर लावून बघू," प्रेमिला म्हणाली. तिने कुलपापुरता भाग जुन्या आवृत्तीत बसवला आणि दोघं लकडगंजला गेले.

कुलूप लावताच मशीन थांबलं. मधुकरराव बोलायला तोंड उघडणार, तोच प्रेमिलाने पडद्यावरची ओळ वाचली. बाभळीचा हिशोब ठेवणारा प्रोग्राम सागवानाच्या जागेत लिहायला निघाला होता, म्हणून कुलपाने त्याला अडवलं होतं.

"हा प्रोग्राम कोणी लिहिला?" गोपाळरावांनी विचारलं.

मधुकररावांचे कान लाल झाले. "मीच."

"घरचाच निघाला म्हना!" गोपाळराव खो खो हसले, आणि मधुकररावांनाही हसू आवरेना. तिथेच बसून त्यांनी चूक काढली.

परतताना रिक्षात ते म्हणाले, "कुलूप जुन्या आवृत्तीत द्यायचं. पण उघडं. ज्याला पाहिजे तो लावेल."

"सगळ्यांकडे लावूनच देऊ ना, सर."

"आणि सगळ्यांची मशीनं एकदम थांबली तर? आधी ज्याला घाई आहे त्याचं बघू."

प्रेमिलाला ते पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मधुकररावांनी पुढचं कुलूप ऑफिसच्याच मशीनवर लावलं. मशीन लगेच थांबलं. प्रेमिलाने दोन चहा सांगितले आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.