घुटमळ

माणसं पडद्यावर बोट कुठे टेकवतात आणि कुठे अडतात, यावरून त्यांच्या मनातलं ओळखायचं, हे माझं काम. आमची कंपनी म्हाताऱ्या माणसांसाठी फोन बनवते. त्याचा पडदा आपोआप बदलत राहतो; जे लागतं ते वर येतं, जे लागत नाही ते निघून जातं. कुणी आपल्या यादीतल्या एखाद्याचा फोटो उघडला आणि 'फोन करा' न दाबता तसाच मागे फिरला, की त्याला आम्ही घुटमळ म्हणतो. वीस घुटमळी झाल्या, की तो फोटो त्या माणसाला नको आहे असं समजून काढून टाकायचा. हा नियम माझा. साहेबांनी भर मीटिंगमध्ये पाठ थोपटली होती आणि मी आठवडाभर हवेत होते.

चाचणीसाठी चाळीस जणांना फोन दिले होते. आम्हाला त्यांची नावं दिसत नसत, नुसते नंबर. त्यातल्या चौदा नंबरने माझं डोकं उठवलं होतं. रोज संध्याकाळी सव्वासातला एकच फोटो उघडायचा, चाळीस सेकंद बघत बसायचं, मग मागे. या गृहस्थांना काय हवंय ते त्यांनाच ठाऊक नाही, असं मी मीटिंगमध्ये म्हणाले तेव्हा सगळे हसले होते. एकविसाव्या दिवशी नियमाने तो फोटो काढला. पुढचे चार दिवस बोट त्याच रिकाम्या जागी पडत राहिलं, मग तेही थांबलं. घुटमळ शून्य. मी ते यशात धरलं.

काल अहवालाला चित्र हवं म्हणून, रीतसर परवानगी काढून, चौदा नंबरचा जुना पडदा उघडला. दवाखाना, नळदुरुस्तीवाला, शेजारी, आणि सगळ्यांच्या वर तो काढलेला फोटो. फोटो माझा होता. खाली लिहिलं होतं, ठकू. मला ठकू म्हणणारा माणूस जगात आता एकच उरलाय.

चाचणीत बाबांना मीच घातलं होतं आणि विसरूनही गेले होते. आई गेल्यापासून ते तिकडे एकटे, मी इकडे एकटी, आणि पंधरा दिवसांतून एकदा आमचं बोलणं, तेही माझ्या घाईत. मला स्वतःची लाज वाटली. तिथूनच फोन लावला. गुडघे, औषधं, पाणी येतं का, सगळं विचारून झाल्यावर कसाबसा फोटोचा विषय काढला.

"फोन नव्हतो गं करत," ते म्हणाले. "तू कामात असतेस. नुसता बघायचो."

"मग गेला तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"मला वाटलं, तूच काढून टाकलास. फोन तुमचाच, मी रोज उघडतो ते तुला तिकडे दिसत असणार. म्हटलं, पोरीला कटकट होत असेल."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता परत लावते.

"लाव की," ते घाईघाईने म्हणाले. "मी सारखा नाही उघडणार. काळजी करू नकोस."