पडद्याची नळी आणि मी

मी एका जुन्या रायफलीचा बोल्ट बोलतोय. बोल्ट म्हणजे मूठ असलेला लोखंडी दांडा. मागे ओढायचा, गोळी घालायची, आणि दार लावावं तसा पुढे ढकलायचा. मी लागलो की आत जे असेल त्याला बाहेर जायला एकच वाट उरते. एवढंच माझं काम. मी सावकाश बोलतो, तेवढं सांभाळून घ्या.

माझी पहिली रायफल मोडली, तेव्हा मिरजेच्या मनोहर मिस्त्रीनं मला दुसरीत बसवलं. परवान्याचं बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. परक्या अंगात शिरताना मला भीती वाटली. मनोहर कानशीचा एक हात मारायचा, थांबायचा, मला लावून बघायचा, कान देऊन ऐकायचा. चार दिवसांनी मी तिचा झालो. तिला एक जंगल आठवत होतं. त्या दिवसापासून ते मलाही दिसू लागलं. त्यात कुणीतरी पळत असतं.

पुढे ती रायफल मोडीत गेली, दुकान बंद झालं. मी अवजारांच्या पेटीत राहिलो. दर खंडेनवमीला कानशी-पकडींबरोबर मलाही झेंडूचं फूल मिळायचं. मनोहर मला अंगठ्यानं पुसायचा, पोराचं नाक पुसावं तसा.

दोन हजार चौदा साली त्याची बायको गेली आणि तो मुलाकडे सिंगापूरला आला. निमिष पाया लेबारच्या एका ऑफिसात इंजिनियर, राहायला बिशानच्या फ्लॅटमध्ये. पेटी घरसामानाबरोबर बोटीनं आली. ती कुणी उघडून पाहिली नाही.

पुढच्या वर्षी नवमी जवळ आली तसं मनोहरच्या मनात आलं, या बोल्टला एक अंग करून द्यावं. खोटंच, पूजेपुरतं. कुणीतरी लिफ्टपाशी टाकलेल्या पलंगाचं लाकूड त्यानं वर आणलं. मागच्या खोलीतल्या पडद्याची जाड नळी काढली. खटका पेटीतच एक जुना होता. सगळे बाहेर गेले की दुपारी कानस सुरू व्हायची.

नळी साधी होती. जन्मभर तिनं पडदाच धरलेला. मी जवळ गेलो की विचारायची, माझ्यातून काय जाणार? मी म्हणायचो, काही नाही गं. आठव्या दिवशी तिनं वेगळंच विचारलं. म्हणाली, ते कोण पळतंय?

मी तिला जंगलाचं काही सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी मनोहरनं मला पुढे ढकललं आणि मी लागलो. पुरता लागलो. त्यानं मला ओढून परत लावलं, डोळे मिटून ऐकलं. मग आपल्या हातांकडे बघितलं. पन्नास वर्षं त्या हातांनी सैल काही बसवलं नव्हतं. त्यांना खोटं जमलंच नाही.

नवमीच्या सकाळी सून पूर्वी लॅपटॉपला कुंकू लावत होती. मनोहरनं आम्हाला शेजारी आणून ठेवलं.

"बाबा, ही माझ्या पडद्याची नळी," ती म्हणाली. "आणि मी घरमालकिणीवर संशय घेत बसले." मग तिला मी दिसलो. तिनं निमिषला हाक मारली.

निमिष आला आणि त्यानं आधी दार लावून घेतलं. इथं असला एक भाग जरी घरात सापडला तरी तुरुंग आहे, त्यानं सांगितलं. इथं कामाला राहायचा पास जाईल, लेकीची, मैत्रेयीची शाळा जाईल, सगळ्यांना परत जावं लागेल. पार्कातल्या नदीत टाकून येतो म्हणाला. मनोहरनं मान हलवली. कुणाच्या तरी हाती लागेल, म्हणाला. मग पोलिसांकडेच जायचं ठरलं. वाटेत निमिष एकच पढवत होता: पूजेचं खेळणं आहे म्हणायचं, चालत नाही म्हणायचं. तेवढ्यावर ताकीद देऊन सोडतील.

चौकीतला पोरसवदा हवालदार सगळं ऐकून हसला. त्यानं आम्हाला उचललं, मला मागे-पुढे केलं. त्याचं बोट खटक्यावर होतं. नळीचं तोंड शेजारच्या टेबलावर लिहीत बसलेल्या बाईकडे होतं. आत गोळी नव्हती. पण नळीला ते कुठं ठाऊक? मला तिचा थरथराट लागत होता.

"अंकल, धिस वन कॅन फायर ऑर नॉट?"

"बाबा, नाही म्हणा," निमिष हळूच म्हणाला. "एवढंच म्हणा."

मनोहरनं मुलाकडे पाहिलं. मग त्या बाईकडे.

"कॅन," तो म्हणाला. आणि मराठीत, "त्याला सांग, बोट काढ म्हणावं. मी ती नीट बसवलीय."

हवालदारानं आम्हाला अलगद खाली ठेवलं. त्यानंतर तो हसला नाही.

मनोहरला शिक्षा झाली, वयाकडे बघून कमी. निमिषचा पास राहिला, कारण म्हातारा प्रत्येक कागदावर एकच सांगत गेला: पोराला माहीत नव्हतं. कोर्टात मला ओळखायला सांगितलं तेव्हा त्याचा अंगठा सवयीनं पुढे आला. कुणीतरी त्याचा हात धरला.

आता आम्ही एका बंद खोलीत आहोत, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत. नळी काही विचारत नाही. वाट बघत असल्यासारखी पडून असते.

आम्हाला वितळवणार आहेत, असं ऐकतो. माझी एक विनंती आहे. एकत्र वितळवू नका. तिचा परत पडद्याचा दांडा करा, तिला उजेड अडवू दे. आणि माझं काहीही करा, पण मला कशात बसवून बघू नका. मी बसतो.