वालावलच्या घरातली खरखर

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझी मोटर थकली आहे, तेव्हा जमेल तेवढंच सांगतो.

मालवाहू बोटीवर काम करणाऱ्या विश्रामने मला एका परदेशी बंदरात घेतलं आणि कोकणात वालावलला आपल्या घरी आणलं. त्याच्या आईला सारं गाव अक्का म्हणे. तिने मला हळदकुंकू वाहिलं. विश्रामचा थोरला भाऊ, भाई, शाळेत मास्तर होता. तो माझ्यावर भजनं आणि नाट्यगीतं लावी. शेजारी ओटीवर बसून ऐकत. "काय गोड आवाज आसा रे!" असं कुणी म्हटलं की मी सुखावून जाई.

सत्त्याऐंशी साली विश्राम रजेवर आला, तो एक कॅसेट घेऊन. बोटीवरच्या एका नॉर्वेच्या खलाशाने ती दिली होती. नकलेची नक्कल केलेली. वर पेनाने 'ब्लॅक मेटल' असं त्या संगीताचं नाव लिहिलेलं. ती सुरू झाली आणि मी हादरलोच. सगळी खरखर. पत्र्यावर दगड पडावेत तसे ढोल, करवतीसारखी गिटार, आणि त्या सगळ्याच्या मागे, खूप लांब, कुणीतरी घसा फाडून ओरडत होतं.

"मशीन बिघडली!" म्हणत भाईने माझं फीत वाचणारं हेड स्पिरिटने पुसलं. पुन्हा तेच.

"मशीन बरी आसा," विश्राम हसला. "चार पोरग्यांनी तळघरात एकाच माइकवर भरल्यानी ता. मुद्दाम तसाच ठेवल्यानी."

"कित्याक?"

"गुळगुळीत केल्यार दुखणा खंय उरतला? पयली नुसती खरखर आयकाक येता. मगे हळूहळू तेच्यातलो माणूस गावता."

"तुका याड लागला," भाई म्हणाला.

त्याच दिवसांत त्यांची बहीण सरला बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ जन्मलं, पण जगलं नाही. तिचा नवरा नांदगावला नोकरीवर होता. रविवारी येई आणि मान खाली घालून बसे. सरला भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. जेवण नाही, बोलणं नाही. शेजारच्या राधाबाई येऊन सांगत, "रडा नको गो. विसर आता. दुसरा होतला." भाई माझ्यावर हळू आवाजात भजनं लावी. सरला डोक्यावरून चादर ओढून घेई. तेव्हा मला माझ्याच गोडव्याची शरम वाटे.

एका दुपारी विश्रामने ओटीवर आपली कॅसेट लावली. थोड्या वेळाने सरला उंबऱ्याशी येऊन उभी राहिली.

"ह्यो कोण रडता?"

"रडणा नाय गो, गाता."

"माका रडतासो वाटता," असं म्हणून ती माझ्याजवळ बसली. कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "अक्का, पेज आसा?"

अक्काने पेज वाढली आणि ती संपेपर्यंत तिच्यापाशीच बसली.

विश्राम बोटीवर परत गेला. आता अक्काच पिठाच्या हातांनी माझं बटण दाबू लागली. आवाज तिला मुळीच सोसत नसे. पदराने कान झाकून ती चुलीपाशी जाऊन बसे. पण सरला जेवायची. कधी रडायची, पुन्हा जेवायची.

भाई मात्र एकदा चिडला. "थंय देवळात आरती चलता नि हंय ह्या! लोक काय म्हणतले? मी ती कॅसेट खाडीत टाकतंय."

"टाकून बघ," अक्का म्हणाली. "आवाज वायट आसा ता माका काय कळणा नाय? पण ह्या घरात येता तो सरलाक गप रव म्हणता. कॅसेटीतलो ह्यो एकटोच म्हणणा नाय."

दुसऱ्या दिवशी भाईने स्वतः माझ्यात नवे सेल घातले.

पुढल्या रजेत विश्रामने चकचकीत नवा टेप आणला आणि त्याच पोरांची नवी कॅसेट, चांगल्या स्टुडिओत भरलेली. "ह्या जरा बरा," भाई म्हणाला. सरलाने लक्ष देऊन ऐकलं.

"सगळी वाद्या नीट आयकाक येतत," ती म्हणाली. "पण तो माणूस खंय गेलो?"

तरी टेबलावर नवा टेप आला आणि मी माळ्यावर गेलो. धूळ, कोळ्यांची जाळी. सरला सावरली आणि नांदगावला आपल्या घरी गेली, हे मला वरूनच कळलं.

मग एका दुपारी, भाई शाळेत असताना, अक्का शिडी लावून वर आली. तिने मला खाली नेलं, पदराने पुसलं, ती जुनी कॅसेट घातली आणि माझ्यासमोर बसली. इतके दिवस तिने सगळ्यांना जेवू घातलं होतं. तिचंही नातवंड गेलं होतं, पण तिला काय वाटतं हे कुणी विचारलंच नव्हतं. त्या फाटक्या आवाजात अक्का मोठ्याने रडली. माझा मोटरचा पट्टा सैल झाला होता. आवाज जड होत गेला, तरी तिचं रडणं होईपर्यंत मी रेटलं. मग थांबलो.

"दमलंस मरे?" ती म्हणाली. "रव आता."

मित्रांनो, मला दुरुस्त करा, नाहीतर राहू द्या; आता फारसं मागणं नाही. पण तुमच्या घरात कुणाचा आवाज फाटलेला ऐकू आला, तर लगेच बटणाकडे हात नेऊ नका. जरा बसा त्याच्याजवळ.